कोजागरीच्या संध्याकाळचा स्फोट: गॅमा किरण स्फोटाचं मूळ कसं ओळखायचं

९ ऑक्टोबर २०२२, रविवार. कोजागरी. जिथे ढग नव्हते तिथे चंद्र नुकता वर आलेला, गच्चीवर दूध आटवायची तयारी, आणि सगळ्यांच्या माना पूर्वेकडे. नेमक्या त्या वेळी, ६ वाजून ४७ मिनिटांनी, आजवर नोंदलेला सर्वांत प्रखर गॅमा किरण स्फोट मुंबई-पुण्याच्या जवळजवळ थेट डोक्यावरून येऊन आदळला. अभिजित आणि श्रवण या दोन ताऱ्यांच्या मधल्या पट्ट्यातून. गॅमा किरण स्फोट म्हणजे फार दूरून येणारी, थोड्याच वेळाची गॅमा किरणांची चमक. कुणाला काहीच कळलं नाही. गॅमा किरण वरच्या हवेतच अडतात, जमिनीपर्यंत पोचत नाहीत. भारतातली विजांची नोंद ठेवणारी यंत्रं मात्र चाळवली गेली, आणि तिकडे जर्मनीत आयनांबर (वातावरणाचा वरचा, विद्युतभारित थर) काही तास बिघडलेलं दिसलं. या प्रकाशाला आपल्यापर्यंत यायला सुमारे १९० कोटी वर्षं लागली होती.

तो कशाचा स्फोट होता, हे कसं ठरवलं? त्याहून महत्त्वाचं म्हणजे, पुढचा असा स्फोट झाला की त्याच्या बातम्या आणि नोंदी वाचून तुम्हाला ते कसं ठरवता येईल? त्यासाठी हा लेख. दुर्बीण लागत नाही. इंग्रजी बऱ्यापैकी वाचता यायला हवं, एक वही हवी आणि एक पेन्सिल. पेन्सिलच, पेन नको. का ते पुढे येईल.

तयारी

स्फोट टिपला गेला की काही सेकंदांत जगभरच्या वेधशाळांना आपोआप सूचना जाते, आणि मग पुढचे दिवस खगोलशास्त्रज्ञ आपापल्या निरीक्षणांची छोटी पत्रकं प्रसिद्ध करतात. नासाच्या 'जीसीएन' या जाळ्यावर ती कुणालाही फुकट वाचता येतात. एकेक पत्रक दहा-पंधरा ओळींचं असतं. अर्ध्याहून अधिक शब्द सुरुवातीला डोक्यावरून जातील, जाऊ द्या. आपल्याला प्रत्येकातून एकच गोष्ट उचलायची आहे.

वहीत सहा रकाने आखा: नाव, खरा की भलताच, किती सेकंद, कुठे, किती लांब, आणि मागचा उजेड. सातवा रकाना 'मूळ'. तो सध्या रिकामा ठेवा.

पहिली पायरी: नाव

कोजागरीच्या स्फोटाचं नाव जीआरबी २२१००९ए. जीआरबी म्हणजे गॅमा रे बर्स्ट. वर्ष २२, महिना १०, तारीख ०९, आणि त्या दिवसाचा पहिला म्हणून 'ए'. दुसरा सापडला तर 'बी'. एवढंच. फक्त तारीख ग्रीनिचची धरतात, आपल्याहून साडेपाच तास मागे. म्हणजे आपल्याकडे पहाटे तीनला झालेल्या स्फोटाच्या नावात आदल्या दिवसाची तारीख असते. माझ्या वहीची पहिली दोन पानं याच घोळात वाया गेली.

दुसरी पायरी: तो खरंच तोच आहे का?

गॅमा किरण दिसले म्हणजे दूरच्या ताऱ्याचा स्फोट, असं नाही. सूर्यावरच्या ज्वाळांतून गॅमा किरण येतात. पृथ्वीवरच्या वादळी ढगांतूनही क्षणभराचे गॅमा झोत वर अवकाशात जातात. शिवाय मॅग्नेटार नावाचे प्रचंड चुंबकीय न्यूट्रॉन तारे (कोसळलेल्या ताऱ्यांचे कमालीचे दाट गाभे) अधूनमधून उसळतात. २७ डिसेंबर २००४ ला आपल्याच आकाशगंगेतला एक मॅग्नेटार असा काही उसळला की कित्येक उपग्रहांचे मापक थिटे पडले. १५ एप्रिल २०२० ला एका शेजारच्या दीर्घिकेतून, सुमारे १.१ कोटी प्रकाशवर्षांवरून, सेकंदाच्या सातव्या हिश्श्याएवढी चमक आली. दिसायला अगदी आखूड गॅमा स्फोट, पण निघाला मॅग्नेटार.

ही चाळणी या विषयाइतकीच जुनी आहे. १९६३ च्या अणुचाचणीबंदी करारानंतर अमेरिकेने 'वेला' उपग्रह सोडले होते, रशियाने चोरून अवकाशात बॉम्ब फोडला तर कळावा म्हणून. २ जुलै १९६७ ला त्यांना चमक दिसली, पण ती बॉम्बसारखी नव्हती. अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेच्या रे क्लेबेसाडेल आणि सहकाऱ्यांनी घाई केली नाही. चमक एका उपग्रहाला आधी आणि दुसऱ्याला किंचित उशिरा दिसते. त्या फरकावरून ती साधारण कुठल्या दिशेने आली ते निघतं. ती ना पृथ्वीकडून येत होती ना सूर्याकडून. अशा १६ चमका पुऱ्या तपासून १९७३ मध्ये त्यांनी जाहीर केलं.

आणि आपल्या कोजागरीच्या स्फोटाची गंमत पाहा. फर्मी उपग्रहाने तो लगेच पकडला होता, पण स्विफ्ट या उपग्रहाला तो सुमारे ५३ मिनिटांनी दिसला, तोसुद्धा स्फोट नव्हे, त्याचा मागे उरलेला उजेड. तरी तो इतका तेजस्वी, आणि दिशा आकाशगंगेच्या पट्ट्यालगतची, की पहिल्या सूचनेत तो आपल्याच आकाशगंगेतला एखादा उसळलेला स्रोत असावा असं धरून त्याला वेगळंच नाव मिळालं. दोन्ही नोंदी एकाच गोष्टीच्या आहेत हे नंतर जुळलं. म्हणून दुसऱ्या रकान्यात पहिल्या तासाभरात काही लिहू नका.

तिसरी पायरी: सेकंद मोजा, पण त्यांच्यावर विसंबू नका

पत्रकात 'टी-९०' असा आकडा सापडेल. एकूण गॅमा किरणांपैकी पहिले पाच टक्के येऊन गेल्यापासून पंच्याण्णव टक्के येईपर्यंत लागलेला वेळ, म्हणजे टी-९०. सुरुवात आणि शेवट धूसर असतात, म्हणून ही कडा कापायची युक्ती.

१९९१ ते २००० या काळात अवकाशातल्या कॉम्प्टन वेधशाळेने २,७०४ स्फोट नोंदले. त्यांचे टी-९० मांडले तर आलेखात दोन उंचवटे दिसतात आणि दोहोंमधली दरी साधारण २ सेकंदांवर पडते. तिथून 'आखूड' आणि 'लांब' अशा दोन जाती आल्या.

लांब जातीमागची गोष्ट अशी. सूर्याच्या कित्येक पट वस्तुमानाचा, वेगाने फिरणारा तारा. बाहेरचे हायड्रोजनचे थर त्याने आधीच उधळून टाकलेले. आतलं इंधन संपतं, गाभा कोसळतो, मधोमध कृष्णविवर तयार होतं. फिरत्या ताऱ्याचं द्रव्य सरळ आत पडत नाही, भोवऱ्यासारखी तबकडी होऊन गरगरत पडतं, आणि त्या भोवऱ्याच्या अक्षातून दोन्हीकडे दोन अरुंद झोत सुटतात. ते ताऱ्याचं पोट फाडून बाहेर येतात, प्रकाशाच्या वेगाच्या ९९.९९ टक्क्यांहून जास्त वेगाने. बाकीचा तारा कोसळत राहतो तोवर झोताला खाद्य मिळत राहतं, म्हणून स्फोट लांबतो. हे चित्र स्टॅन वूस्ली यांनी १९९३ मध्ये मांडलं. त्याला 'कोलॅप्सार' म्हणतात.

आखूड जातीत दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांभोवती कोट्यवधी वर्षं फिरत फिरत जवळ येतात आणि शेवटी एकमेकांवर आदळतात. (एकाच्या जागी कृष्णविवरही चालतं.) इथे उरलेला गाळ थोडा असतो, तबकडी इवलीशी, ती झटक्यात गिळली जाते. म्हणून खेळ सेकंद-दोन सेकंदांत आटोपतो.

दोन्हीकडे स्फोट घडवणारं यंत्र लहान आहे हे कशावरून? आलेख जवळून पाहा. कित्येक स्फोटांत उजेड मिलिसेकंदांत वरखाली होतो. एका मिलिसेकंदात प्रकाश ३०० किलोमीटर जातो. मुंबईहून सरळ रेषेत निघाला तर साधारण कोल्हापूरपर्यंत. वस्तू याहून फार मोठी असती तर तिच्या या टोकाची चमक आणि त्या टोकाची चमक आपल्यापर्यंत मागेपुढे पोचली असती आणि ते वरखाली होणं पुसलं गेलं असतं. एवढ्याशा जागेतून अशी ताकद निघायची तर कृष्णविवर किंवा न्यूट्रॉन तारा सोडून दुसरं काही सुचत नाही. मला हा युक्तिवाद या साऱ्या विषयातला सर्वांत देखणा वाटतो: यंत्र दिसत नाही, पण ते किती मोठं असू शकतं ते घड्याळाने सांगितलं.

आता पेन्सिलची गोष्ट. ११ डिसेंबर २०२१ चा स्फोट, जीआरबी २१११२११ए. अर्ध्या मिनिटाहून जास्त चालला. मी लगेच वहीत पेनाने लिहिलं: 'कोलॅप्सार'. वर्षभराने शोधनिबंध आले. स्फोट जेमतेम ११० कोटी प्रकाशवर्षांवरचा, तिथे कोसळत्या ताऱ्याचा मागमूस नाही, उलट दोन ताऱ्यांच्या टकरीनंतर दिसतो तसा लालसर उजेड. नैनितालजवळच्या देवस्थळच्या ३.६ मीटर दुर्बिणीनेही तो उजेड टिपायला हातभार लावला होता. सेकंद सांगत होते एक, मूळ निघालं दुसरं. वहीतली ती काट अजून आहे.

उलटी फसगतही होते. विश्व प्रसरण पावतंय, त्यामुळे फार दूरचा स्फोट आपल्याला ताणलेला दिसतो. २००९ च्या एप्रिलमधला जीआरबी ०९०४२३ आपल्याला सुमारे १० सेकंद दिसला, पण जिथे घडला तिथल्या घड्याळाने जेमतेम एका सेकंदाच्या वर. म्हणून या रकान्यात आकडा लिहा, जात लिहू नका.

चौथी पायरी: जागा

फर्मी पृथ्वीने झाकलेला भाग सोडून सगळं आकाश पाहतो, पण दिशा ढोबळ सांगतो. चूक कित्येक अंशांची असू शकते, आणि पौर्णिमेच्या चंद्राची रुंदी आहे अर्धा अंश. स्विफ्ट मिनिट-दीड मिनिटात वळून आपली क्ष-किरण दुर्बीण तिकडे रोखतो आणि जागा काही विकलांपर्यंत (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) नेमकी करतो. पत्रकात स्विफ्टचं नाव दिसलं की हायसं वाटतं.

न दिसण्याचाही इथे उपयोग होतो. भारताच्या अ‍ॅस्ट्रोसॅटवर सीझेडटीआय नावाचं उपकरण आहे. पुण्याच्या आयुकाने आणि मुंबईच्या टीआयएफआरने त्यासाठी मोठं काम केलं. सप्टेंबर २०१५ मध्ये उपग्रह सुटला आणि उपकरण सुरू झालं त्याच दिवशी, ६ ऑक्टोबरला, त्याने पहिला स्फोट पकडला. पण १७ ऑगस्ट २०१७ चा प्रसिद्ध स्फोट (त्याची गोष्ट सहाव्या पायरीत) त्याला दिसला नाही, कारण तो भाग तेव्हा पृथ्वीच्या आड होता. त्यावरूनच शोधाचं क्षेत्र आणखी आक्रसता आलं: जिथून अ‍ॅस्ट्रोसॅटला दिसलं असतं, ते आकाश वगळा.

जागा नेमकी झाली की तिथे कुठली दीर्घिका आहे ते पाहतात. नवे तारे जन्मत असलेल्या निळसर, धामधुमीच्या भागात स्फोट झाला असेल तर कोलॅप्सारकडे कल. मोठे तारे अल्पायुषी, जन्मले तिथेच मरतात. दीर्घिकेच्या पार बाहेर, ओसाडीत झाला असेल तर टक्कर. न्यूट्रॉन तारा जन्मताना लाथ बसल्यासारखा फेकला जातो आणि कोट्यवधी वर्षांत घरापासून खूप लांब भटकतो.

पाचवी पायरी: अंतर

इथे एकच शब्द शोधायचा: रेडशिफ्ट. वर्णपटातल्या रेघा तांबड्याकडे जितक्या सरकलेल्या, तितका स्रोत दूर. कोजागरीच्या स्फोटाचा आकडा ०.१५१, म्हणजे या जमातीत शेजारीच.

आज हा आकडा दिवसभरात मिळतो. पूर्वी यावरच सगळं अडलं होतं. १९९५ च्या एप्रिलमध्ये वॉशिंग्टनमध्ये बोहदान पाचिन्स्की आणि डॉन लॅम्ब यांचा जाहीर वाद झाला: हे स्फोट विश्वाच्या कडेचे की आपल्याच आकाशगंगेच्या परिसरातले? कॉम्प्टनच्या नकाशावर ते सगळीकडे सारखे विखुरलेले होते, आकाशगंगेच्या पट्ट्यात जास्त नाहीत, आणि पाचिन्स्की तेच बोट ठेवून दाखवत होते. पण अंतर कुणाकडेच नव्हतं. २८ फेब्रुवारी १९९७ ला बेपोसॅक्स या इटालियन-डच उपग्रहाने स्फोटामागचा क्ष-किरण उजेड पहिल्यांदा पकडला, आणि त्याच वर्षी मे महिन्यातल्या स्फोटाचं रेडशिफ्ट मिळालं: निदान ०.८३५. पाचिन्स्की जिंकले.

अंतर कळल्यावर ऊर्जेचे आकडे छाती दडपवणारे आले. ते झोताच्या अरुंदपणाने आवाक्यात आले: बॅटरीचा झोत डोळ्यांवर आला म्हणून ती खोलीभर तितकाच उजेड देते असं नसतं. तरीसुद्धा सूर्य आपल्या १,००० कोटी वर्षांच्या आयुष्यात जेवढी ऊर्जा देईल, साधारण तेवढी काही सेकंदांत. आणि झोत अरुंद म्हणजे बहुतेक स्फोटांचे झोत आपल्याकडे वळलेलेच नसतात. आपल्याला दिवसाला एखादा दिसतो, घडतात त्याच्या कित्येक पट.

सहावी पायरी: मागचा उजेड. इथे थांबा, इथेच निकाल लागतो

झोत भोवतालच्या विरळ वायूवर आदळतो आणि क्ष-किरणांपासून रेडिओपर्यंत उजेड पसरतो. याला आफ्टरग्लो म्हणतात. तो दिवसेंदिवस ठरावीक रीतीने मंदावतो. लडाखमधल्या हानले इथली ७० सेंटीमीटरची ग्रोथ-इंडिया दुर्बीण (आयआयटी मुंबईची मंडळी ती चालवण्यात आहेत) असे उजेड रात्रीबेरात्री टिपते. रेडिओतला उजेड महिनोन्‌महिने टिकतो. नारायणगावजवळ खोडदला आणि आसपास ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या उभ्या आहेत, ती जीएमआरटी हे काम करते. नाशिक रस्त्याने जाताना कुणी तुम्हाला तिकडे बोट दाखवलं तर आता सांगता येईल तिथे काय ऐकतात ते.

आफ्टरग्लो दोन्ही जातींत असतो, म्हणून तो स्वतः साक्षीदार नाही. तो मंदावत असताना मागून काय डोकं वर काढतं, ते पाहायचं.

एक शक्यता: दोन-तीन आठवड्यांनी उजेड घसरायचा थांबतो आणि फुगवटा येतो. वर्णपटात हायड्रोजन नाही, हेलियम नाही, रेघा रुंद. म्हणजे अतिनवतारा (सुपरनोव्हा, फुटणारा तारा), मूळ कोलॅप्सार. २५ एप्रिल १९९८ च्या दुबळ्या स्फोटापाशी असा अतिनवतारा सापडला, पण शंका उरल्या. २९ मार्च २००३ च्या स्फोटाने त्या फेडल्या: आफ्टरग्लो विझता विझता त्याच्याच वर्णपटातून अतिनवतारा स्पष्ट उगवला.

दुसरी शक्यता: फुगवटा येतच नाही. उजेड पहिल्या दिवशी निळा, आठवड्याभरात लाल, आणि मग गायब. हा किलोनोव्हा. टकरीत उडालेल्या न्यूट्रॉनांच्या चिखलात जड मूलद्रव्यं बनतात, त्यांच्या किरणोत्सर्गाने तो तापतो, आणि तीच जड मूलद्रव्यं निळा प्रकाश अडवतात, म्हणून लालपणा. या जड मूलद्रव्यांत सोनंही येतं; ती गोष्ट इथे सगळेच सांगतात, मी सोडतो.

१७ ऑगस्ट २०१७ ला हे सगळं एकाच वेळी हाती लागलं. अमेरिकेतल्या लायगो आणि इटलीतल्या व्हर्गो या वेधशाळांनी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीच्या गुरुत्वीय लहरी (अवकाशातच उठणारे तरंग) नोंदल्या, १.७ सेकंदांनी फर्मीला आखूड स्फोट दिसला. सुमारे ११ तासांनी चिलीतल्या एक मीटरच्या स्वोप दुर्बिणीने एनजीसी ४९९३ या १३ कोटी प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकेत नवा ठिपका शोधला. तो दिवसागणिक निळ्याचा लाल झाला. क्ष-किरण दिसायला ९ दिवस लागले आणि रेडिओ लहरींना १६, कारण झोत आपल्याकडे सरळ नव्हता, तिरका होता. पसरत पसरत हळूहळू नजरेत आला. गुरुत्वीय लहरी म्हणजे या खटल्यातला प्रत्यक्षदर्शी साक्षीदार. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाला केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली ती याचसाठी: इतक्या दूर आणखी एक यंत्र असलं की लहर कुठून आली ते कितीतरी नेमकं सांगता येतं.

सातवी पायरी: मूळ लिहा

कोजागरीच्या स्फोटाचा रकाना मी सहा महिन्यांहून जास्त काळ रिकामा ठेवला होता. आफ्टरग्लोच इतका प्रखर, त्यात आकाशगंगेची धूळ आडवी. त्याच धुळीने क्ष-किरण विखुरून आकाशात वीसएक कडी उमटवली होती. मागचा अतिनवतारा कुणाला धड दिसेना. अखेर जेम्स वेब दुर्बिणीने स्फोटानंतर सुमारे सहा महिन्यांनी पाहिलं आणि तो सापडला. अगदी साधा, चारचौघांसारखा. सर्वांत प्रखर स्फोटामागे सर्वांत मोठा तारा असेल या अपेक्षेवर पाणी पडलं. जड मूलद्रव्यांची खूणही मिळाली नाही. तेव्हा 'कोलॅप्सार' लिहिलं, तेही पेन्सिलने.

सरावासाठी ७ मार्च २०२३ चा जीआरबी २३०३०७ए घ्या आणि पुढचं वाचण्याआधी स्वतः ठरवा. टी-९०: ३० सेकंदांहून जास्त. प्रखरतेत कोजागरीच्या स्फोटाखालोखाल. जागा: जवळच्या दीर्घिकेपासून सुमारे १ लाख २० हजार प्रकाशवर्षं बाहेर, ओसाडीत. मागचा उजेड: झपाट्याने लाल. अतिनवतारा: नाही. जेम्स वेबच्या वर्णपटात टेल्युरियम या जड मूलद्रव्याची खूण.

सेकंदांकडे पाहून 'कोलॅप्सार' लिहिलं असेल तर खोडा, टक्कर लिहा. दोघांपैकी एक तारा न्यूट्रॉन ताऱ्याऐवजी श्वेत बटू (इंधन संपलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा) असेल का यावर काही जण अजून भांडतात, म्हणून कंसात प्रश्नचिन्ह ठेवा. आणि टेल्युरियम पुन्हा वाचा: अ‍ॅस्ट्रोसॅटवरचं सीझेडटीआय असो की स्विफ्टचा गॅमा शोधक, दोन्हींच्या डोळ्यांतल्या स्फटिकांत कॅडमियम आणि झिंकच्या जोडीला असतं ते हेच.